किरणांवर दही

१० जानेवारी १९९८, शनिवार

थोरल्या जाऊबाई द्वारकाबाई आल्या. केदारखेड्याहून दुपारच्या गाडीनं, सोबत थोरले भाऊजी. भाऊजींनी पिशवी उंबऱ्यात ठेवली, तांब्याभर पाणी पिले, म्हणाले, "कौसल्या, आता हिचं तूच पाहा," अन् लगेच परत फिरले. हरभरा काढायला आलाय म्हणे. माणूस पळून चालला होता, दुसरं काय! मला बराबर कळलं, कारण मला बी पळावं वाटून राह्यलंय.

द्वारकाबाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. पाळी जाऊन चार वर्षं झाली, तरी दोन वर्षांपासून अंगावर जाऊन राह्यलं होतं. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तं आमच्या सासूबाईंनी बाहेर बसवलं असतं, दुधादह्याला हात लावू दिला नसता. मंग म्हशींचं कोण करणार? म्हणून गप. एवढं भरलं घर, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मी तं इथं जालन्यात, मला कसं कळावं, असं मी स्वतःलाच सांगून राह्यले.

सोमवारपासून रोज औरंगाबादला जाऊन लाईट घ्यायची, पाच आठवडे. मशीनमधून किरणं सोडतात त्याला सगळे लाईटच म्हणतात. आमची खोली एस.टी. स्टँडाजवळ, म्हणून बाई आमच्याकडं. सोबत मी.

हे म्हणाले, घरात तो शब्द काढायचा न्हाई, "आजार" म्हणायचं. शब्द न काढल्यानं काय तो जाणार हाय? पण मी बी काढत न्हाई.

१२ जानेवारी, सोमवार

पहिली लाईट झाली. मला वाटलं धूर निघंल, वास येईल, बाई ओरडतील. काहीच न्हाई. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं? मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय." मला उलट जास्तच भेव वाटलं. जे दिसत न्हाई ते आत काय करून राह्यलं असंल?

डॉक्टरीणबाई तरण्या हायत, पण बोलणं ठाम. म्हणाल्या, शनिवार-रविवार सोडून एक बी दिवस चुकवायचा न्हाई. मधी खंड पडला की गाठीला फावतं. मी त्यांना दाराआड गाठून विचारलं, "हे लागट हाय का हो?" विचारताना लाज वाटली, पण विचारलं. न्हाई म्हणाल्या. एका ताटात जेवा बिनधास्त. ह्याच्या मुळाशी एक जंतू असतो, तो संबंधातून येतो, कैक बायांना येऊन निघून जातो, एखादीच्या अंगात राहून वर्षानुवर्षांनी हे होतं.

जंतू! तेवढं एकच डोक्यात राह्यलं. घरी येऊन बाईंचा टॉवेल येगळ्या दोरीवर टाकला. बाईंनी ते पाह्यलं.

१५ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यात जेवणाचं सांगितलं. मऊ भात, केळ, ताजं दही, ताक. पोट बिघडलं तं दूध बंद. मी मान हलवली.

संध्याकाळी गावाकडनं दुधाची बरणी आली, अन् बरणीसोबत सासूबाईंचा निरोप. आमच्या सासूबाई तुळजाबाई म्हणजे चालता-बोलता कायदा. निरोप असा: किरणं आगीची असतात, ती आत जाऊन गाठ जाळतात. त्यावर दही-ताक बिलकुल देऊ नका, थंड पडलं की किरणं इझतात, केलेलं सगळं वाया. सुंठ घालून गरम दूध द्या. बरणी रोज पाठवते.

आता कुणाचं ऐकावं? डॉक्टरीणबाई शिकलेल्या खऱ्या. पण सासूबाईंनी सात बाळंतपणं काढली, अर्ध्या गावाची दुखणी उठवली. अन् गरमावर थंड चालत न्हाई हे तं मला बी कळतं. ताप आलेल्याला कुणी दही घालतं का? डॉक्टरीणबाईंना ताक अन् किरणांचं काय म्हाईत? त्यांना पुस्तकातलं म्हाईत.

बाईंनी सुंठीचं दूध पिलं. तोंड वाकडं केलं. बाईंना दही लई आवडतं, पहिल्यापासून. जेवताना म्हणाल्या, "कौसल्ये, बोटभर दही न्हाई का गं?" मी म्हणाले, "बरं व्हा, मंग डेरा पुढ्यात ठेवते."

२४ जानेवारी, शनिवार

परवापासून बाईंना जुलाब लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाईटीनं असं होतं, पोटाला बी किरणं लागतात, तिथं आतडी हायत. गोळ्या दिल्या. अन् पुड्या दिल्या, पांढरी पावडर. मी विचारलं, ह्यात काय असतं? तं म्हणाल्या, "दह्यातल्यासारखे चांगले जंतू, जिवंत."

जिवंत जंतू!

मी पुड्या घेतल्या, पिशवीत टाकल्या, घरी येऊन तांदळाच्या डब्यात खाली खुपसल्या. जंतूनं बाईचं हे केलं अन् वरून जंतूच पाजू? माझ्या हातानं? उद्या काही झालं तं थोरल्या भाऊजींना काय तोंड दाखवू? दूध वाढवलं. दोन पेल्याचे तीन पेले केले. अंगात काही तं राहायला पाहिजे.

२९ जानेवारी, गुरुवार

थांबून न्हाई राह्यलं. रात्रीतून कितीदा उठतात, मोजणं सोडलं. आमचा संडास सामायिक, अंगणाच्या टोकाला, शेजारच्या ताहेराच्या घराला लागून. बाई भिंतीला धरून जातात. गाडीत बसताना मी खाली दुपट्याच्या घड्या घालते. बाई सगळ्या रस्त्यानं डोळे मिटून दात आवळून बसतात. बदनापूर आलं का, करमाड आलं का, एवढंच विचारतात.

आज वजन केलं. ज्या बाईनं मला लग्नानंतर पहिल्यांदा धारेला बसायला शिकवलं, एका हातानं म्हैस आवरायची अन् दुसऱ्या हातानं मला, ती काट्यावर उभी राह्यली तं काटा हलतो की न्हाई असं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तं मला लाईट थांबवावी लागंल. "खाण्याचं सांगितलं तसं करून राह्यल्या ना?" मी म्हणाले, हो.

खोटं बोलले. पण बाईंच्या भल्यासाठी बोलले. राजूरच्या गणपतीला नवस केला, पायी येईन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

देवा, ऐकलंस! दोन दिवसांपासून बाईंचं पोट धरून राह्यलंय. काल फक्त तीनदा. आज गाडीत डोळे उघडे होते, खिडकीतून बाहेर पाहत होत्या, कुणाची तूर चांगली आली ते सांगत होत्या. मी नवसाचं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दूध बी चांगलंच असतं म्हशीचं, घरचं." ते बी खरं. बरणी वेळेवर येऊन राह्यली, पेले रिकामे होऊन राह्यले.

बाई आता दूध मी गेल्यावर पितात. म्हणतात, तू समोर बसलीस की घशाखाली उतरत न्हाई, जा तू नळावर. दुपारी नळ येतो, मी रांगेत जाते, आले की पेला घासून पालथा. ताहेराच्या भिंतीवर आमचा स्टीलचा डबा दिसला, विचारलं तं बाई म्हणाल्या, उन्हाला वाळत ठेवला. भिंत तिची काऊन, आपली काऊन न्हाई, म्हणाले. तिकडं ऊन चांगलं हाय म्हणाल्या.

ताहेराचं अन् बाईंचं जमलंय. तिचा नवरा मुनीर कपडे शिवतो, ती काज-बटण करत अंगणात बसते, बाई तिच्यापुढं बसतात. गावाकडं बाईंच्या ओसरीवर ओळखीचे लालमियाँ आले तं त्यांचा कप येगळा, कोनाड्यातला. इथं बघा कशा बोलून राह्यल्या. आजारात माणसाला कुणी बी लागतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घडलं ते लिहिते.

नळाला पाणी आलं न्हाई, मी मधूनच परत आले. अंगणात बाई ताहेराच्या चटईवर बसल्या होत्या. मांडीवर ताहेराची तामचिनीची थाळी. थाळीत दहीभात. बाई बोटं चाटून खाऊन राह्यल्या होत्या, लहान लेकरू खातं तसं.

हंडा माझ्या हातातून सुटला. मी म्हणाले, "बाई! काय खाऊन राह्यल्या?" बाई दचकल्या. ताहेरा उठली, म्हणाली, "भाभी, मेरेकू बोलने दो." मी तिला काही बोलू दिलं न्हाई. काय काय बोलले ते लिहवत न्हाई. आमच्या बाईला मारायला निघालीस का, म्हणाले. तुमच्या घरचं आमच्यात चालत न्हाई ते येगळंच, पण हे तं इख हाय तिला, म्हणाले. ताहेरा पांढरी फटक पडली. थाळी उचलली अन् आत गेली. दार लावलं.

मंग बाईंनी सांगितलं. रोज मी नळावर गेले की आमचं दूध ताहेराला द्यायच्या. ती इरजण लावायची. दुसऱ्या दिवशी भातात कालवून द्यायची. आठवड्यापासून.

मी रडत होते. म्हणाले, "बाई, सगळ्या लाईटा वाया घालवल्या तुमी. आठ दिवसांची किरणं इझवली." मला वाटलं भांडतील. त्या म्हणाल्या, "बरं. न्हाई खात. तू म्हणशील तसं. तू नको अशी थरथरू."

८ फेब्रुवारी, रविवार

काल दूध माझ्यासमोर पाजलं. तीन पेले. बाईंनी नाक धरून पिलं.

आज पहाटेपासून सुरू झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बदनापूरच्या अलीकडं बाई म्हणाल्या, "कौसल्ये, गाडी थांबव." मी ओरडले. कंडक्टर चांगला माणूस, त्यानं घंटी मारली. उतरेपर्यंत बाईंना धरवलं न्हाई. रस्त्याच्या कडेला झाड न्हाई, झुडूप न्हाई. गाडीतल्या तीन अनोळखी बाया उतरल्या अन् पदर धरून आडोसा केला. बाई मधी बसल्या. उठायला गेल्या तं उठल्याच न्हाईत. डोळे वर गेले. मी "बाई, बाई" करून गाल थापटले. हात एकदम गार.

मेल्या असंच वाटलं. खरं लिहिते, मला वाटलं मी मारलं.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी लाईट थांबवली. म्हणाल्या, ह्या अवस्थेत देता येत न्हाई. मंग मला बाजूला घेतलं. "काय खायला देता?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. सुंठीचं दूध, सासूबाईंचा निरोप, पुड्या तांदळात. मला वाटलं थोबाडीत मारतील. त्यांनी स्टूल ओढलं अन् मला बसवलं.

म्हणाल्या, "ती आग न्हाई हो. थंड खाल्लं म्हणून इझायला तो चुल्हा न्हाई. किरणं ज्या मिनिटाला दिली त्या मिनिटाला त्यांचं काम सुरू झालं, ते दह्यानं पुसत न्हाई." म्हणाल्या, किरणांनी आतड्याचं अस्तर सोललं जातं, तिथले आपले कामाचे जंतू मरतात. मंग दूध पचत न्हाई, पाण्यासारखं निघून जातं. दह्यात दुधाचं अर्धं पचन आधीच झालेलं असतं, अन् आत कामाला जंतू जातात. "सगळे जंतू चोर न्हाईत. काही घर राखायला असतात."

मी म्हणाले, "मंग दह्यानं हे बरं होतं?"

"न्हाई," त्या एकदम म्हणाल्या. "दह्यानं कॅन्सर बरा होत न्हाई, अन् टळत बी न्हाई, कुणी सांगितलं तं ऐकू नका. सगळ्यांचे जुलाब बी त्यानं थांबत न्हाईत. पण ह्यांना सोसत होतं. पोट धरलं तं लाईट देता येईल. लाईट पुरी झाली तं आशा हाय." रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी ठीक होत्या, म्हणून चालंल म्हणाल्या. दूध चांगलं उकळून, स्वच्छ भांड्यात, रोज ताजं.

मी विचारलं, किती दिवस थांबता येईल? त्या म्हणाल्या, "सोमवारी घेऊन या. उभ्या राह्यल्या पाहिजेत." अन् न्हाई राह्यल्या तं, हे मी विचारलं न्हाई.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल संध्याकाळी बाईंना भाड्याची गाडी करून घरी आणलं. आज सकाळी दूध उकळलं, कोमट केलं, अन् मंग ध्यानात आलं, इरजण कुठंय? आपल्या घरात महिन्याभरापासून दही न्हाई. मीच ठेवलं न्हाई. अन् वर मी कालपासून बाहेरची. बाहेरच्या बाईनं दही लावलं की नासतं, आई तं त्या दिवसांत आमची सावली बी पडू द्यायची न्हाई डेऱ्यावर. हे म्हणाले मी लावतो. ह्यांनी जन्मात चहा केला न्हाई!

ताहेराचं दार. जाऊ कशी? अंगणात दोनदा गेले, दोनदा परत आले. आतून बाई म्हणाल्या, "जा की. वाघ न्हाई बसला."

गेले. कडी वाजवली. ताहेरानं दार उघडलं. मी म्हणाले, "इरजण पाहिजे." एवढंच म्हणाले. माफ कर म्हणायचं होतं, ते तोंडातून निघालं न्हाई, रडूच आलं. ती आत गेली अन् वाटीभर दही घेऊन आली. म्हणाली, "मी रोज लावून राह्यले भाभी. आपा मागतील कधी बी, म्हणून."

मी म्हणाले, "तूच लावून दे ना. मी बाहेरची हाय."

ती म्हणाली, "मी बी हाय. गेल्या गुरुवारपासून." अन् हसायला लागली. "आठ दिवस आपांनी खाल्लं त्यात बी दोन दिवस तेच होतं. नासलं का?"

दोघींनी मिळून लावलं. इरजण टाकताना तिनं माझं मनगट धरलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लागलं. घट्ट, वर पाणी न्हाई, आंबट न्हाई.

तरी भेव जात न्हाई. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मला पटलं बी. वाटी भरली अन् बाईंकडं नेता नेता थांबले. आधी मी खाल्लं. तांदळातली पुडी काढली, ती बी फोडून जिभेवर टाकली. म्हणाले, जंतू मारणारच असतील तं आधी मला मारू द्या. चटईवर बसून राह्यले, काही होतं का पाहत.

बाई म्हणाल्या, "झालं का परीक्षण? मला भूक लागली."

त्यांनी वाटी पुसून खाल्ली. मंग म्हणाल्या, "तू पुड्या तांदळात लपवल्या ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तांदूळ मीच निवडत होते."

मी म्हणाले, "मंग बोलल्या काऊन न्हाईत?"

"तू आधीच भेलेली. अजून भेवडून काय करू? दोघी भेल्यावर गाडीत कोण बसवणार?"

म्हणजे महिनाभर मी त्यांना सांभाळून राह्यले असं मी लिहून राह्यले होते. जाऊ द्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उभ्या राह्यल्या. ताहेराचा हात धरून अंगणातून, माझा धरून गाडीत. लाईट सुरू झाली. मी बाहेर बाकावर दोन्ही मुठी आवळून बसले होते, आत मशीन घुमतं त्याचा आवाज ऐकत. आधी तो आवाज नको वाटायचा. आज बंद पडू नये असं वाटलं.

१ मार्च, रविवार

बाहेरच्या लाईटा पुऱ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात आतून एकदा द्यायची हाय, त्याला भरती व्हावं लागंल. जुलाब अधूनमधून होतात, पण गाडी थांबवावी लागली न्हाई. सासूबाईंचा पुन्हा निरोप आला, दूध पोचतं का, सुंठ घालता का. बाईंनीच उलट निरोप दिला, "पोचतं म्हणावं. चांगलं लागून राह्यलंय."

१७ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्यातून लिहून राह्यले. आज तपासणीची तारीख होती. डॉक्टरीणबाईंनी बाईंना बराच वेळ आत ठेवलं. तेवढ्या वेळात मी दारापर्यंत तीनदा जाऊन आले.

बाहेर येऊन म्हणाल्या, गाठ हाताला लागत न्हाई. बरं झालं असं आज म्हणणार न्हाई, दर तीन महिन्यांनी यायचं, पाच वर्षं पाहायचं. पण आज गाठ लागत न्हाई. मी भिंतीला टेकले. बाईंनी पदरानं माझंच तोंड पुसलं.

मंग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिशीपुढच्या बाईनं काही त्रास नसला तरी एकदा तपासून घ्यावं, सुरुवातीला सापडलं तं हे सगळं करावंच लागत न्हाई. मी म्हणाले, मला काही न्हाई हो, मी पुढच्या वेळी. गाडीची वेळ झाली.

बाई खुर्चीतनं उठल्या न्हाईत. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हिचं नाव लिहा. हिचं झाल्याबिगर मी इथून हलत न्हाई."

मी म्हणाले, "बाई, लोकांपुढं काय चाललंय?"

"मी दोन वर्षं गप बसले," बाई म्हणाल्या. "मला कुणी धरून आणलं न्हाई. तुला मी धरून आणलंय असं समज. घरी जाऊन तू काय करशील मला म्हाईत हाय. तांदळात लपवशील."

नाव लिहिलं. माझ्यापुढं दोन बाया हायत. पिशवीतून ही वही काढली, हाताला काही तं पाहिजे. नळावर काल पाठ दुखली होती ती आठवून राह्यली, दिवाळीत अंगावर पांढरं गेल्तं ते आठवून राह्यलं, ज्याचा विचार मी कधी केलाच न्हाई ते सगळं आठवून राह्यलं. पळावं वाटून राह्यलंय. दार सरळ समोर हाय, बाहेर रिक्षा उभ्या हायत.

पण बाईंनी बाकावर माझ्या पदराचं टोक मांडीखाली घेतलंय अन् वरून बसल्या. मला दिसू नये म्हणून दुसरीकडं पाहून राह्यल्या. जड न्हाईत आता त्या, ओढलं तं सुटंल.

माझं नाव पुकारलं.